आप ‘कब’ आएँगे की ‘कभी’ आएँगे? हिंदीत प्रश्न विचारताना मराठी माणूस नेमका कुठे अडतो?

“साहब, तुम कभी आएगा?”

गंगाखेडच्या एखाद्या दुकानदाराने कंपनीच्या दिल्लीतल्या माणसाला फोनवर हा प्रश्न विचारला, तर त्याच्या मनात काहीच वावगं नसतं. त्याला म्हणायचं असतं, “साहेब, तुम्ही कधी येणार?” मराठीत हा प्रश्न नम्र आहे. पण पलीकडच्या माणसाला ऐकू येतं ते साधारण असं: “साहेब, तू कधीतरी येशील का?” ‘साहब’ सोडला तर उरलेल्या तीनही शब्दांत गडबड आहे. ‘तुम’ म्हणजे आपलं ‘तुम्ही’ नव्हे, ‘कभी’ म्हणजे आपलं ‘कधी’ नव्हे आणि ‘आएगा’ हे रूप ‘तुम’लाही चालत नाही, ‘आप’लाही नाही. बरोबर प्रश्न आहे, “साहब, आप कब आएँगे?”

गंमत म्हणजे याच दुकानदाराला हिंदी सिनेमा अख्खा समजतो. बातम्या समजतात, रील्स समजतात. मग प्रश्न विचारतानाच घोडं कुठे अडतं? आणि ते नीट कसं करायचं? सगळं सविस्तर बघूया.

हिंदी समजते, मग प्रश्नच का अडतो?

याचं पहिलं कारण म्हणजे सवय. टीव्ही आणि मोबाईलमुळे आपल्या कानावर हिंदी भरपूर पडते, पण ती ऐकायची हिंदी असते. आपल्याला कोणी काही विचारलं तर “हाँ”, “नहीं”, “ठीक है” एवढ्यावर काम भागतं. स्वतः प्रश्न विचारायचा म्हटलं की पूर्ण वाक्य स्वतः तयार करावं लागतं.

दुसरं कारण शाळा. मराठी माध्यमाच्या शाळांत हिंदी पाचवीपासून शिकवली जाते. पाचवी ते दहावी म्हणजे सहा वर्षं. पण धडा वाचायचा आणि धड्याखालच्या प्रश्नांची उत्तरं लिहायची, यातच बहुतेक वेळ जातो. प्रश्न पुस्तक विचारतं, मुलं उत्तर देतात.

याला एक चांगला अपवाद आहे. दहावीच्या ‘लोकभारती’ हिंदीच्या बोर्डाच्या पेपरात ‘प्रश्न निर्मिति’ नावाचा ४ गुणांचा प्रश्न असतो. एक उतारा दिलेला असतो आणि ज्यांची उत्तरं त्या उताऱ्यात एकेका वाक्यात सापडतील असे चार प्रश्न विद्यार्थ्याने तयार करायचे असतात. बरीच मुलं याकडे हमखास गुणांचा प्रश्न म्हणून बघतात आणि दहावी संपली की विसरून जातात. खरं तर सहा वर्षांच्या हिंदीतला रोजच्या जगण्यात सगळ्यात जास्त कामाला येणारा भाग तोच आहे.

तिसरं कारण मात्र शाळेच्याही आधीचं आहे, आणि ते मराठवाड्याच्या इतिहासात आहे.

गंगाखेडची हिंदी आली कुठून?

गंगाखेड हे गोदावरीकाठचं, परभणी जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव. संत जनाबाईंचं जन्मगाव म्हणून महाराष्ट्र त्याला ओळखतो. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत हा सगळा भाग निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. संस्थानचा कारभार उर्दूत चालायचा. १९१८ मध्ये हैदराबादला सुरू झालेल्या उस्मानिया विद्यापीठात उच्च शिक्षणाचं माध्यमही उर्दूच होतं. पुढे १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला आणि १९६० मध्ये महाराष्ट्राचा भाग झाला.

म्हणजे मराठवाड्यातल्या माणसाच्या कानावर हिंदी-उर्दू पडली ती सिनेमा यायच्या कितीतरी आधी. बाजारात, कचेरीत आणि शेजारच्या मुस्लीम घरांत बोलली जाणारी ही भाषा म्हणजे दखनी. दखनीवर मराठीचा मोठा प्रभाव आहे. हैदराबादी माणसाचा ‘नक्को’ हा आपला ‘नको’ आहे. ‘वोइच’ मधला ‘च’ आपलाच ‘च’ आहे. ‘का’ विचारायला दखनीत ‘कायकू’ म्हणतात.

त्यामुळे “कायकू आया?”, “किधर जाता?”, “क्या बोला?” हे प्रश्न परभणी, नांदेड, हैदराबाद या पट्ट्यात बिनदिक्कत चालतात. ती चुकीची हिंदी नाही, ती वेगळी बोली आहे. अडचण येते ती या पट्ट्याबाहेर. नोकरीची मुलाखत, दिल्लीचं कॉल सेंटर, उत्तरेकडून बदलून आलेला अधिकारी किंवा मोठ्या शहरातलं हॉस्पिटल, अशा ठिकाणी समोरचा माणूस प्रमाण हिंदीची अपेक्षा धरून बसलेला असतो. तिथे हीच वाक्यं उद्धट किंवा अर्धवट वाटतात. म्हणून आपली बोली सोडायची गरज नाही, पण दुसरी रीतही माहीत हवी.

पहिली अडचण : एक ‘क्या’ आणि त्याची दोन कामं

मराठीत ‘का’ आणि ‘काय’ हे दोन वेगळे शब्द आहेत. “तुम्ही जेवताय का?” याचं उत्तर हो किंवा नाही. “तुम्ही काय खाताय?” याचं उत्तर भाकरी किंवा भात. हिंदीत या दोन्ही कामांना एकच शब्द आहे, ‘क्या’. मग फरक कसा कळतो? जागेवरून.

• क्या आप खाना खा रहे हैं? (जेवताय का?) इथे ‘क्या’ वाक्याच्या सुरुवातीला आहे.
• आप खाना खा रहे हैं क्या? (जेवताय का?) इथे ‘क्या’ शेवटी आहे. बोलण्यात हेही चालतं.
• आप क्या खा रहे हैं? (काय खाताय?) इथे ‘क्या’ क्रियापदाच्या अगदी आधी आहे.

थोडक्यात, ‘क्या’ टोकाला असेल तर ‘का’ आणि क्रियापदाला चिकटून आधी असेल तर ‘काय’. मराठी माणसासाठी सोपी युक्ती म्हणजे ‘क्या’ शेवटी ठेवणं, कारण आपला ‘का’ही शेवटीच असतो.

आपला ‘का’ आणखी एक काम करतो. “का आला नाहीस?” म्हणजे कारण विचारणं. त्याला हिंदीत ‘क्यों’ लागतो. मराठवाड्यात बोलताना ‘कामून’ म्हणतो, तिथे हिंदीत ‘क्यों’. आणि हिंदीतला ‘का’ म्हणजे प्रश्न नाहीच. तो आपला ‘चा’ आहे. ‘राम का घर’ म्हणजे रामाचं घर.

दुसरी अडचण : सारखे दिसणारे शब्द

मराठी आणि हिंदीची लिपी एक, बरेच शब्दही एकसारखे. त्यामुळेच फसगत होते.

• कधी = कब. हिंदीतला ‘कभी’ म्हणजे ‘कधीतरी’. “आप कभी मुंबई गए हैं?” म्हणजे “तुम्ही कधी मुंबईला गेला आहात का?”
• कुठे = कहाँ. ‘कहीं’ म्हणजे ‘कुठेतरी’.
• कोणी केलं? = किसने किया? पण “कोणी आहे का?” = कोई है?
• चहा की कॉफी? = चाय या कॉफ़ी? प्रमाण हिंदीत दीर्घ ‘की’ म्हणजे ‘ची’.
• किती वाजले? = कितने बजे हैं? “कितना बजा?” ही आपल्याकडची रीत.
• कितीदा? = कितनी बार?

एका बाबतीत मात्र मराठी हिंदीपेक्षा वरचढ आहे. ‘कितवा’ हा आपला शब्द फार सोयीचा. “तुझा वर्गात कितवा नंबर आला?” याला रोजच्या हिंदीत सरळ एका शब्दाचा पर्याय नाही. तिथे “क्लास में कौन-सा नंबर आया?” असं म्हणून काम भागवावं लागतं.

तिसरी अडचण : ‘कौन’चं ‘किस’ होतं

मराठीत आपण कोण, कोणाला, कोणाचा म्हणतो. शब्दाचं मूळ कायम राहतं. हिंदीत पुढे प्रत्यय आला की ‘कौन’ बदलून ‘किस’ होतो.

• कोणाला? = किसको? किंवा किसे?
• कोणाचा? = किसका?
• कोणाकडून? = किससे?
• कोणत्या फलाटावर? = किस प्लेटफ़ॉर्म पर?
• कशासाठी? = किसलिए?

‘कौन को’ आणि ‘कौन का’ ही रूपं प्रमाण हिंदीत नाहीत. अनेक माणसं असतील तर ‘किस’चं ‘किन’ होतं, जसं “किन लोगों को?”

चौथी अडचण : सुटलेला ‘है’ आणि विसरलेला ‘ने’

“तू कुठं राहतोस?” या मराठी वाक्यात ‘आहे’ नाही. म्हणून आपण हिंदीत पटकन “तुम किधर रहता?” म्हणून मोकळे होतो. हिंदीत मात्र ‘है’ लागतोच. “आप कहाँ रहते हैं?” वाक्याच्या शेवटी ‘है’ किंवा ‘हैं’ आहे का, एवढं तपासलं तरी वर्तमानकाळातले बरेच प्रश्न सुधारतात.

‘ने’चं प्रकरण थोडं किचकट आहे. मराठीत “त्याने काय खाल्लं?” यात ‘ने’ आहे, पण “तू काय खाल्लंस?” किंवा “तुम्ही काय खाल्लं?” यात नाही. हिंदीत तिन्हीकडे ‘ने’ लागतो: “उसने क्या खाया?”, “तुमने क्या खाया?”, “आपने क्या खाया?” दखनीतही ‘ने’ बऱ्याचदा गळतो, त्यामुळे मराठवाड्यातल्या कानाला “तुम क्या खाया?” चुकीचं वाटतच नाही.

नियम असा: काम होऊन गेलेलं असेल आणि करणे, खाणे, बघणे, देणे, भरणे अशी क्रिया असेल तर ‘ने’ लावायचा. “आपने फ़ॉर्म भरा क्या?” येणे-जाणे असेल तर नाही लावायचा. “आप कब आए?” ‘लाना’ आणि ‘भूलना’ ही क्रियापदं मात्र अपवाद आहेत. “आप क्या लाए?” इथे ‘ने’ येत नाही.

पाचवी अडचण : पोरगं, पोरगी आणि हरवलेलं नपुंसकलिंग

मराठीत तो, ती, ते अशी तीन लिंगं. हिंदीत दोनच. त्यामुळे आपल्या ‘ते’ शब्दांना तिकडे कुठे बसवायचं, हा घोळ होतो आणि ‘कितना, कितनी, कितने’ चुकतं. ते घर हिंदीत पुल्लिंगी, ते पाणीही पुल्लिंगी, पण ते पुस्तक स्त्रीलिंगी. आपल्याकडे ‘तो आवाज’, हिंदीत ‘वह आवाज़’ स्त्रीलिंगी, म्हणून “किसकी आवाज़ है?”

हे पाठ करत बसण्यापेक्षा रोजचे प्रश्न तोंडात बसवणं सोपं. “कितनी देर लगेगी?”, “कितने पैसे हुए?”, “कितना पानी चाहिए?” एवढं जमलं तरी पुष्कळ झालं. लिंग चुकल्याने सहसा कोणी रागावत नाही. रागावतात ते पुढच्या चुकीमुळे.

सहावी आणि सगळ्यात महाग चूक : ‘तुम्ही’चं ‘तुम’ करणं

मराठीत तू आणि तुम्ही. वडीलधाऱ्यांना, साहेबांना, अनोळखी माणसाला ‘तुम्ही’ म्हटलं की मान राखला गेला. ‘आपण’ हे आणखी वरचं, पत्रातलं किंवा भाषणातलं. हिंदीत पायऱ्या तीन आहेत: तू, तुम आणि आप. यातला ‘तुम’ दिसायला ‘तुम्ही’सारखा असला तरी तो मित्रासाठी किंवा वयाने लहान माणसासाठी आहे. आपल्या ‘तुम्ही’ची जागा हिंदीत ‘आप’ घेतो.

म्हणजे मराठी माणूस मनात पूर्ण आदर ठेवून “तुम कहाँ से हो?” विचारतो आणि समोरच्याला तो अरे-तुरे केल्यासारखा वाटतो. दोघांचाही दोष नसतो, पण बिनसतं. म्हणून साधा नियम: मनात ‘तुम्ही’ असेल तर तोंडात ‘आप’ आणि क्रियापद अनेकवचनी. आप कब आएँगे, आप कहाँ रहते हैं, आप क्या करते हैं.

हाक मारण्यातही असंच आहे. गंगाखेडच्या बसस्थानकात अनोळखी माणसाला “ओ मामा” किंवा “ओ भाऊ” म्हटलं तर त्यात आपुलकी असते. हिंदी मुलखात तिथे ‘भाई साहब’ किंवा ‘भैया’ चालतं. ‘भैया’ म्हणजे मोठा भाऊ, मूळ शब्द मानाचा आहे. पण महाराष्ट्रात उत्तर भारतीय कामगाराला हिणवून “ए भैया” म्हणायची खोड लागली आहे. शब्द तोच, पण आधीचा ‘ए’ सगळं सांगून जातो. त्याऐवजी ‘अहो’साठी ‘सुनिए’ हा शब्द वापरावा. “सुनिए, ज़रा बताएँगे, टिकट कहाँ मिलेगा?” यातला ‘ज़रा’ आणि ‘बताएँगे’ प्रश्नाला नम्र करतात.

हे रोज कुठे लागतं?

रेल्वे स्टेशनवर. गंगाखेड हे परभणी ते परळी वैजनाथ या मार्गावरचं स्टेशन आहे आणि ते दक्षिण मध्य रेल्वेच्या नांदेड विभागात येतं. प्रवासात वेगवेगळ्या राज्यांतली माणसं भेटतात, तेव्हा हे प्रश्न उपयोगी पडतात:
• परभणी की गाड़ी कितने बजे है?
• गाड़ी किस प्लेटफ़ॉर्म पर आएगी?
• गाड़ी कितनी लेट है?
• यहाँ कोई बैठा है क्या?

दवाखान्यात. इथे प्रश्न न विचारणं थेट अंगाशी येऊ शकतं. डॉक्टर किंवा औषधवाला हिंदीत भराभर सांगतो, आपण मान हलवतो आणि घरी आल्यावर कोणती गोळी कधी घ्यायची ते आठवत नाही.
• यह गोली खाने से पहले लेनी है या बाद में?
• दिन में कितनी बार?
• कितने दिन तक?
• दोबारा दिखाने कब आना है?

कामावर. बाहेरगावी कामाला जाताना हे प्रश्न काम सुरू व्हायच्या आधी विचारायचे असतात:
• तनख़्वाह कितनी मिलेगी?
• पैसे हर महीने मिलेंगे या काम पूरा होने पर?
• रहने का इंतज़ाम कौन करेगा?
• छुट्टी कब मिलेगी?

फोनवर. अनोळखी नंबरवरून हिंदीत फोन येतो, समोरचा बँकेचं किंवा पोलिसांचं नाव घेतो, आवाज चढवतो. भाषेचा धाक बसलेला माणूस “हाँ जी, हाँ जी” करत राहतो आणि ओटीपी देऊन बसतो. तिथे लगेच विचारायचं, “आप कौन बोल रहे हैं?”, “कहाँ से बोल रहे हैं?”, “यह आप लिखकर भेज सकते हैं क्या?” समोरचा उत्तर देण्याऐवजी धमकावू लागला तर फोन ठेवून द्यायचा. उत्तर अगदी खरं वाटलं तरी ओटीपी द्यायचा नाही. ‘डिजिटल अरेस्ट’ असा कोणताही प्रकार भारतीय कायद्यात नाही. पैसे गेलेच तर लगेच १९३० या राष्ट्रीय सायबर हेल्पलाइनवर तक्रार करायची.

सराव कसा करायचा?

इंग्रजीत प्रश्न करताना शब्द उचलून वाक्याच्या सुरुवातीला न्यावा लागतो. हिंदी आणि मराठीत ती कटकट नाही. उत्तराचा शब्द जिथे आहे, तिथेच प्रश्नाचा शब्द ठेवायचा. म्हणजे आधी उत्तराचं वाक्य घ्या, मग एकेक शब्द झाकत जा. उदाहरणार्थ:

“संत जनाबाई का जन्म गंगाखेड में हुआ।”

• नाव झाकलं: किसका जन्म गंगाखेड में हुआ?
• गाव झाकलं: संत जनाबाई का जन्म कहाँ हुआ?
• फक्त खात्री करायची: संत जनाबाई का जन्म गंगाखेड में हुआ क्या?

आता ‘ने’वालं वाक्य घेऊ: “जनाबाई ने अभंग रचे।”

• किसने अभंग रचे?
• जनाबाई ने क्या रचा?

दुसऱ्या प्रश्नात ‘रचे’चं ‘रचा’ झालं, कारण अभंग अनेक आहेत, पण ‘क्या’ एकवचनी आहे. रोज मोबाईलवर दिसणाऱ्या हिंदी बातमीचं एक वाक्य घेऊन असे तीन प्रश्न तोंडी करून बघितले, तरी महिनाभरात जीभ वळायला लागते. दहावीतल्या मुलांचा ४ गुणांचा सरावही त्यातच होतो. फक्त पेपरात ‘हो-नाही’वाले प्रश्न टाळायचे. कौन, क्या, कहाँ, कब, क्यों, कैसे वापरून केलेले प्रश्न बरे.

पण हिंदीतच का विचारायचं?

हा प्रश्न रास्त आहे. १६ एप्रिल २०२५ ला राज्य सरकारने पहिलीपासून हिंदी ही तिसरी भाषा करण्याचा निर्णय काढला. त्यावर मोठा विरोध झाला, १७ जूनला त्यात बदल झाला आणि २९ जूनला दोन्ही निर्णय मागे घेऊन डॉ. नरेंद्र जाधव यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमण्याची घोषणा झाली. पण तो वाद होता लहान मुलांवर कोणत्या इयत्तेपासून किती भाषांचा भार टाकायचा, याचा. मोठ्या माणसाने स्वतःच्या गरजेपुरते हिंदी प्रश्न शिकणं ही वेगळी गोष्ट आहे.

आणि हिंदी आली नाही म्हणून कुणाचा प्रश्न विचारण्याचा हक्क जात नाही. राज्यघटनेच्या कलम ३५० नुसार केंद्राच्या किंवा राज्याच्या कोणत्याही अधिकाऱ्याकडे आपलं गाऱ्हाणं केंद्रात किंवा त्या राज्यात वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत मांडता येतं. म्हणजे महाराष्ट्रात ते मराठीत मांडता येतं. २००५ च्या माहिती अधिकार कायद्याच्या कलम ६ मध्येही इंग्रजी, हिंदी किंवा त्या भागाची राजभाषा यांपैकी कोणत्याही भाषेत अर्ज करण्याची मुभा आहे. म्हणून तक्रार किंवा अर्ज मराठीत बिनधास्त करावा. हिंदी लागते ती खिडकीपाशी, डब्यात, फोनवर, जिथे लगेच तोंडी उत्तर हवं असतं.

तिथेही गाडी अडलीच, तर दोन वाक्यं पाठ असू द्या. समोरचा फार भराभर बोलत असेल तर “ज़रा धीरे बताएँगे?” आणि काहीच कळत नसेल तर “यहाँ कोई मराठी जानता है क्या?”